चुना धुतलेलं मडकं

डेन्मार्कची एक कॉलेजातली मुलगी उन्हाळाभर आमच्या घरी राहायला येणार असं ठरलं, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "तिला जेवायला काय घालायचं?" वडील म्हणाले, "आपण जेवतो तेच." माझ्या डोक्यात मात्र दुसरंच काही नाचत होतं. हा देवाणघेवाणीचा मामला होता. तिकडची मुलगी आमच्याकडे, आणि मग आमच्या घरची, म्हणजे मी, वर्षभर तिकडे. पण वडील हो म्हणाले तरच. आणि ते नुसतं "बघू" म्हणत होते. वडील गावच्या शाळेत मास्तर. त्यांच्या "बघू"चा अर्थ अख्खी शाळा ओळखून होती.

साठीच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात चाललं होतं आणि तिथे गोरे इंजिनियर येऊन राहिले होते. त्यामुळे ही बोईसरला उतरली ती थेट कुणा साहेबाची मुलगी ठरली. टांगेवाला काही न विचारता तिला तिकडेच घेऊन निघाला. मी ओरडत टांग्यामागे धावले, तर ती मागे वळून मलाच हात हलवून टाटा करायला लागली!

त्या मुलीला आमचा उन्हाळा इतका आवडला की आम्हांलाच तो नव्यानं दिसायला लागला. ती करवंदं खायची आणि जीभ बाहेर काढून आरशात बघायची. आंबा कोपरापर्यंत खायची. एकदा जवळच्याच किनाऱ्यावर, नवापूरला गेलो, तर कोळणींच्या शेजारी बसून बोंबील वाळत घालायला शिकली. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. सगळं शिकून घरी निघालो तेव्हा गावातली मांजरं आमच्या मागोमाग. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची. तिला तर ही पोरगी म्हणजे सोन्याहून पिवळी वाटली, कारण तिच्या गोष्टी न कळताही पोटभर हसणारं माणूस तिला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.

मी मात्र जीव मुठीत धरून होते. हिला ऊन लागलं, विंचू चावला, की माझ्या "बघू"चं "नाही" झालंच म्हणून समजा. म्हणून मी छत्री घेऊन तिच्या मागे, आणि ती कुठल्यातरी झाडावर.

आमच्या वाडीत ताडाची दोन झाडं होती. वडिलांचा दारूवर भयंकर राग, पण पहाटेची नीरा त्यांना अतिशय प्रिय. आता नीरा काय आणि ताडी काय, एकाच झाडाचा रस. मडक्याला आतून चुना लावलेला असला की रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला की रातोरात आंबतो, ती ताडी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण डेन्मार्कात ताड नाहीत. तिथे गाई आहेत. हिच्या वडिलांचा मोठा गोठा होता आणि दुधाच्या भांड्यात आत पांढरं काही राहिलं तर तिला लहानपणापासून बोलणी बसायची.

ताडावर चढणाऱ्या काकांनी दुपारी मडकं चुना लावून विहिरीवर वाळत ठेवलं. हिनं ते पाहिलं. बिचारीला वाटलं, एवढं खातेपिते यांचं, काहीतरी हातभार लावावा. काथ्या आणि राख घेऊन तिनं ते आतून असं घासलं की नवं वाटावं. काकांनी तिन्हीसांजेला ते तसंच वर बांधलं आणि पहाटे अंधारात उतरवून, आमच्या ओट्यावर ठेवून ते पुढच्या वाडीत गेले.

"आज फेस जरा जास्त आहे," आई म्हणाली.

"उन्हाळा आहे," वडील म्हणाले आणि पेला पुढे केला. ताडी त्यांनी जन्मात चाखली नव्हती, मग ओळखणार कुठून! तिसऱ्या पेल्याला त्यांनी टोपी काढून ठेवली. चौथ्याला एकोणतिसाचा पाढा चालीवर म्हणायला सुरुवात केली. आत्या म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. तिनं पाहुणीचे हात धरले आणि साठीच्या गुडघ्यांनिशी फुगडी सुरू केली. दोघी गरगर गरगर, पाढा चढत्या आवाजात, आणि आई खांबाला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतेय. मीही दोन पेले घेतले होते. अंगण हलकं झालं होतं. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बाबा, मी जाऊ डेन्मार्कला?"

"जा!" वडील ओरडले. "एक का, दोन वर्षं जा! आणि तिथल्या गाईंना माझा नमस्कार सांग!"

मी फुगडीतच घुसले. तिघी एकमेकींवर पडलो.

तेवढ्यात काका रिकामं मडकं न्यायला आले. त्यांनी आत बोट फिरवलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "चुना कोनी धुतला? अवो गुरुजी, ही नीरा नाय, ताडी हाय!"

पाहुणीला शब्द कळले नाहीत, पण मडकं कळलं; तिचा चेहरा उतरला. आईनं हसणं आवरून पदर सावरला आणि ती म्हणाली, "म्हणजे मघाशी तुम्ही पोरीला जे म्हणालात ते..."

वडिलांनी टोपी घातली, उलटी. माझ्याकडे पाहिलं. माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

"ती नीरा होती," ते म्हणाले.

"अवो, वासच सांगतो ना..."

"नीरा होती म्हटलं ना! मी ताडी पीत नाही. जे बोललो ते शुद्धीत बोललो. पोरगी जाईल. आजच कळवून टाका."

त्यांच्या तोंडून खोटं असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. काका मान खाली घालून हसत निघून गेले. आत्यानं पाहुणीला पोटाशी धरलं. वडील खांबाला धरून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "पायरी कुठे आहे, ती जरा दाखव."