झाडं काढा, प्रवासी ठेवा

डेपोत त्यांना सगळे ‘मऊब्रेक’ म्हणत. बाकीचे ड्रायव्हर ब्रेक दाबत, हे ब्रेक गोंजारत. त्यांच्या बसमध्ये उभ्याने पेंगणारा माणूस थांबा आला तरी पेंगतच राही, आणि पुढे कुठेतरी जाग आली की त्यांच्याशीच भांडे. बायकोचं म्हणणं असं, की या माणसाने मला संसारात एकदाही हिसका बसू दिला नाही, फक्त कुठे वेळेवर पोचवलं नाही.

मग एकदा त्यांना भोवळ आली. बस उभी होती म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी सावधगिरी म्हणून गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, बस, एवढंच. पण मऊब्रेकांनी ऐकलं ते असं, की तुमच्या हातापायांना डोक्याचा निरोप आता उशिरा पोचतो. घरी येऊन ते खिडकीत बसले आणि खालून जाणाऱ्या बसच्या ब्रेकना मनातल्या मनात नापास करू लागले. बोलणं जवळजवळ बंद.

सुनेला हे बघवेना. ती घरूनच ऑफिसचं काम करायची. तिने आपल्या लॅपटॉपवर बस चालवण्याचा एक खेळ घेतला, टेबलाला अडकवायचं चाक आणि पायाशी ठेवायचे पेडलही आणले. मऊब्रेकांनी आधी नाक मुरडलं, मग आत जाऊन भांग पाडून आले. बसल्याबसल्या पहिला प्रश्न, आरसा कसा फिरवायचा. बायको मागे खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, कारण बसायची जागा तर बसमधल्या लोकांनी आधीच घेतली होती.

खेळातला पूल झकास गेला. पुढे बाजाराचा कोपरा आला आणि चित्र गोठलं. त्यांनी ब्रेक गोंजारला, काहीच झालं नाही. चित्र पुन्हा हललं तेव्हा बस थांब्यावर चढलेली होती आणि छत्रीवाली एक बाई चाकाखाली. खेळातलीच ती, लगेच उठून बसमधून आरपार चालत गेली. पण मऊब्रेकांनी हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

“माझ्याच हातून झालं,” ते म्हणाले.

सून म्हणाली, लॅपटॉप अडकला, तुमचा काही दोष नाही. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं, जणू पोरगी मन राखायला खोटं बोलते आहे हे आपल्याला कळलंय, पण आवडलं. त्या दिवसापासून ते चहाचा कप बायकोला भरून देऊ देत आणि स्वतः उचलायच्या आधी हाताकडे टक लावून बघत.

शेवटी सुनेने त्यांना जबरदस्तीने टेबलाशी बसवलं आणि लॅपटॉपची मेमरी किती भरली ते दाखवणारा आलेख उघडला. तिचं सांगणं थोडक्यात असं. महागड्या मशीनमध्ये चित्र काढणाऱ्या भागाला स्वतःची वेगळी मेमरी असते. या लॅपटॉपात ती नाही. एकच मेमरी, त्यातच खेळ, त्यातच तिचं ऑफिस आणि त्यातूनच चित्राचा वाटा. देखावा भरगच्च झाला की चित्र जास्त जागा मागतं. जागा संपली की लॅपटॉप सामान उचलून डिस्कवर ठेवायला धावतो, आणि ती पडली संथ. तेवढा वेळ सगळं खोळंबतं. मेमरी वाढवावी म्हटलं तर ती बोर्डालाच पक्की डकवलेली.

मऊब्रेक म्हणाले, “म्हणजे ड्रायव्हरला केबिनच नाही. गर्दीत बसून चालवायचं.”

“अगदी तसंच, बाबा.”

“हं. तू सांगतेस चांगलं.” म्हणजे पटलेलं नव्हतंच.

तेव्हा बायको कणीक मळता मळता आतून म्हणाली, “अहो, पुलावर हात दुसऱ्या कुणाचे होते का?”

मऊब्रेकांनी आलेखाकडे पुन्हा एकदा पाहिलं. म्हणाले, पुलावर झाडं नव्हती. आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आधी मेमरीतली गर्दी हटवायची ठरली. सुनेच्या लॅपटॉपवर उघडी ठेवलेली पानं बघून सासूबाईंना घाम फुटला. कधीच घ्यायचा नसलेला सोफा सात रंगांत होता. स्क्रीनसमोर कमी वेळ बसा असं सांगणारा लेख होता, तो तर तीनदा. सगळं वाचतेस का, असं त्यांनी विचारलं. वाचणार आहे, म्हणत सुनेने एकेक पान असं बंद केलं, जणू मुलीची पाठवणी करते आहे. मग खेळातल्या सावल्या गेल्या, झाडं गेली, दुकानांच्या पाट्या गेल्या. तरी बाजाराच्या कोपऱ्यावर बारीकसा आचका राहिलाच.

“प्रवासी बंद करू या,” सून म्हणाली. “प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढावा लागतो ना. ते गेले की एकदम हलकं होईल.”

“रिकामी बस? मी काय तिला धुवायला नेतोय?”

“मग काय काढू, बाबा?”

“आकाश काढ.”

“आकाश?”

“मी वर कधी बघितलं होतं? त्या इमारतीही काढ. त्या कुठे बसमध्ये चढणार आहेत.”

शेवटी सगळं जग नुकताच चुना लावलेल्या भिंतीसारखं कोरं झालं. त्यातून एक खच्चून भरलेली बस निघाली. पूल गेला. बाजाराचा कोपरा आला. थांब्यावर ती छत्रीवाली बाई उभी होती. मऊब्रेकांचा पाय हळूच टेकला. बस थांब्याच्या कडेला येऊन टेकली, बाईच्या छत्रीलाही वारा न लावता.

खुर्ची धरून उभी असलेली बायको म्हणाली, “थांबली होय? मला कळलंच नाही.”

मऊब्रेकांनी वळून बघितलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. दार उघडलं, छत्रीवाली चढली, मागून दोन पिशव्या घेतलेली एक म्हातारी पायरीशी आली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडे लुकलुकू लागले.

“बाबा, उशीर झाला, गुण कापतायत. निघा आता.”

“कापू दे,” आरशात बघत मऊब्रेक म्हणाले. “आजी अजून बसल्या नाहीयेत.”