काकांचं ॲबरिस्टविथ

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं एक लहानसं गाव आहे. त्या गावाची जेवढी माहिती माझ्या घरमालकिणीच्या वडिलांना होती, तेवढी पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणालाही नसेल, आणि त्यात तिथेच जन्मून तिथेच म्हातारी झालेली माणसंही मी धरते आहे. संशोधनाच्या कामासाठी मी सिंगापूरला आले आणि पुंगोलमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. पहिल्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आत काकांनी विचारलं, "ॲबरिस्टविथ ऐकलंयस?" मी नाही म्हणाले. "बस," ते म्हणाले. मी बसले ती दीड तासाने उठले. तोवर त्या गावात दोन नद्या एकाच बंदरात समुद्राला मिळतात, टेकाडावर पडका किल्ला आहे, काठावरची उंच घरं फिकट निळ्या-गुलाबी रंगांची आहेत आणि आगगाडीचे रूळ तिथेच संपतात, एवढं मला तोंडपाठ झालं होतं. चहा मात्र मला त्या दिवशी मिळाला नाही.

काका मूळचे मिरजेचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे गावाच्या आसपासचं जे जे पाण्याशी निगडित, त्याकडे ते खात्याच्याच नजरेने बघत. जवळच्या डोंगरात एका दरीवर एकावर एक असे तीन पूल आहेत. पहिला जुना झाला म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरा बांधला, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा; पाडला एकही नाही. "आपल्याकडे आधी जुना पाडला असता," काका म्हणत, "मग टेंडर निघालं असतं, आणि मधली दहा वर्षं लोक पोहत गेले असते." त्या किनाऱ्यावर ओहोटीला बुडालेल्या जंगलाचे बुंधे वर येतात. दंतकथा अशी, की पूर्वी तिथे सुपीक मुलूख होता आणि समुद्र अडवायला बांध होता. एके दिवशी पहारेकरी दारू पिऊन पडला, बांधाची दारं लावायची राहिली आणि सगळा मुलूख बुडाला. ही गोष्ट सांगताना काकांचा पारा दर वेळी नव्याने चढे. "एक काम होतं गड्याला! एक! मी असतो तर जागच्या जागी सस्पेंड केला असता." काका, दंतकथा आहे ती, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "म्हणून काय झालं? ड्यूटी ती ड्यूटी," असं म्हणून ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सिंगापूरची हवा त्यांच्या खिजगणतीतही नव्हती; रोज सकाळी उठून ते फोनवर ॲबरिस्टविथची हवा आणि बातम्या बघत. बाहेर अंगाची काहिली होत असली तरी तिकडे पारा दोनवर आला की ते आल्याचा काढा मागत. नात शाळेला निघाली की, "जपून गं, आज लाटा रस्त्यावर येणार आहेत," असं बजावत, आणि ती लिफ्टचं बटण दाबता दाबता सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "आजोबा, दॅट्स नॉट हिअर लाह!" ॲबरिस्टविथच्या लोकांची म्हणे एक रीत आहे: समुद्रकाठच्या रस्त्याने चालत टोकाला जायचं, तिथल्या कठड्याला पायाने एक ठोकर मारायची आणि मगच मागे फिरायचं. काकांनी ती पुंगोलच्या जेट्टीवर सुरू केली. तिथे रोज मासे धरायला बसणारे एक चिनी आजोबा पहिल्या दिवशी ओरडले, "अंकल, कॅनॉट किक लाह! ब्रेक, हाऊ?" कठडा मोडला तर काय, ही त्यांची काळजी. काकांनी त्यांनाही बसवून दीड तास ॲबरिस्टविथ सांगितलं. आठवड्याभरात ते आजोबाही गळ गुंडाळला की कठड्याला ठोकर मारून घरी जाऊ लागले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या मराठी मंडळींत काकांची कीर्ती अशी पसरली, की बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून एक मुलगी मुद्दाम त्यांना भेटायला आली. तिला ॲबरिस्टविथच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. काकांनी तिला छत्री नेऊ नकोस, वारा उलटी करून टाकतो, टोपीचा रेनकोट घे, इथपासून हिवाळ्यात संध्याकाळी धक्क्याखाली साळुंक्यांसारख्या पक्ष्यांचे थवे उतरतात ते चुकवू नकोस, इथपर्यंत सगळं सांगितलं. मुलगी भारावून गेली. निघताना तिने विचारलं, "काका, तुम्ही किती वर्षं होता तिथे?" काका पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

संध्याकाळी वाटाणे सोलताना त्यांची मुलगी, मेघनाताई, मला म्हणाली, "बाबा तिथे कधीच गेलेले नाहीत गं. माझा भाऊ गेला. अभय." अभय शिकायला गेला, तिथेच राहिला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करायचं ठरवून त्याने वडिलांना फोन केला. "मग तिकडचाच हो," म्हणून काकांनी फोन ठेवला. लग्नाला गेले नाहीत. त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ना त्यांनी फोन केला, ना त्याने. मुलाचं नाव काकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, आणि गावाचं नाव ऐकलं नाही असा दिवस गेला नव्हता. वाटाणे सोलून झाले तरी मेघनाताई उठली नाही. "आणि खरं सांगू? अभय आता त्या गावात राहतही नाही. चार वर्षांपूर्वी कार्डिफला गेला. मी बाबांना सांगितलं नाही. सकाळी उठून ते काय बघणार होते मग?"

पुढच्याच महिन्यात अभय कामानिमित्त चार दिवस सिंगापूरला यायचा होता, आणि या खेपेला घरी येतो असं मेघनाताईला म्हणाला होता. काकांना कळलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले आणि तीन दिवसांत दोनदा केस कापून आले. तो आला, वाकून नमस्कार केला. "असू दे, असू दे," काका म्हणाले. मग दोघं समोरासमोर बसले आणि घरात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मी आणि मेघनाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. शेवटी काकांनी घसा खाकरला. "परवा तुमच्याकडे वारा फार होता. काठावरचा रस्ता बंद होता म्हणे." अभयने बहिणीकडे पाहिलं. काका थांबले नाहीत. रस्त्यावर आलेले दगडगोटे, नद्यांचं पाणी, उशिरा धावणारी गाडी... इतरांना सांगताना ते ऐटीत सांगत. आज मात्र प्रत्येक वाक्यानंतर मुलाच्या तोंडाकडे बघत होते, बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखे. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

अभयने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, मी आता तिथे नसतो. चार वर्षं झाली. कार्डिफला असतो."

काकांनी मान वळवून मेघनाताईकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" ती "हो" म्हणाली आणि रडू लागली. काका उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. आता हा माणूस पुन्हा कुणाशी बोलत नाही, असं मला वाटलं. पण तसेच पाठमोरे ते म्हणाले, "म्हणजे त्या मोठ्या वादळात तू तिथे नव्हतास."

"कुठल्या?"

"तीन वर्षांपूर्वीच्या. घरांत पाणी शिरलं होतं काठावर. मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो."

तेव्हा पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं त्यांनी, मेघनाताई मला पुटपुटत म्हणाली. अभय उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "फोन करायचा होतात बाबा."

"तू उचलला असतास?"

"उचलला असता," अभय म्हणाला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जोरातच ठेवला.

आता दर रविवारी दुपारी कार्डिफहून फोन येतो. काका तो घेऊन गॅलरीत जातात. तिथल्या पावसाबद्दल, बंदराबद्दल एक शब्द नाही. अभयची मुलगी काय खाते, तिचे दात पडले का, अभयची पाठ अजून दुखते का, असल्याच गोष्टी अर्धा अर्धा तास चालतात. ऐकून मला बरं वाटतं, अगदी मनापासून. पण परवा फोन संपवून ते आत आले तेव्हा मला राहवलं नाही. "काका, ॲबरिस्टविथला आज हवा कशी आहे?" मी विचारलं.

"कोण जाणे," काका चष्मा पुसत म्हणाले. "तिथे आता आपलं कोण आहे?"

मी मघाशीच फोनवर पाहिलं होतं. तिथे पाऊस पडत होता.