गाडी खाली आहे
थंडीतल्या धुरक्यात सायलेन्सरचा वास मिसळला की मला गाझियाबादचं ते गॅरेज आठवतं. सकाळ होती, पण धुरकं थेट शेडमध्ये शिरलं होतं आणि लिफ्टवर चढवलेली दादाची जुनी गाडी हवेत तरंगत असल्यासारखी दिसत होती. तिच्या पोटाखाली उभा राहून दादा एक्झॉस्टच्या पाइपवर खडूने खूण करत होता. धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर त्याला तिथे बसवायचा होता. "धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी, वरच्या अंगाला, जरा तिरका," तो मला म्हणाला, "खाली लावला तर पाणी साचून मरेल." तेवढ्यात खांबाआडून मिस्त्रीने विचारलं, "मैडम, गाड़ी खाली है?" मला वाटलं, दादा गाडीखाली आहे का, असं विचारतोय. मी म्हटलं, "हाँ, खाली है." त्याच्या हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामी; गाडीपाशी कुणी नाही असं समजून त्याने बटण दाबलं. लिफ्ट सुस्कारा टाकून उतरू लागली. दादा पाठमोरा होता आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मग स्वच्छ मराठीत कुणीतरी ओरडलं, "थांबवा!" लिफ्ट थांबली. दादा वाकून बाहेर आला, पांढराफटक पडलेला. "बरं झालं ओरडलीस," तो म्हणाला. मी ओरडलेच नव्हते. मिस्त्रीला मराठी येत नव्हती आणि शेडमध्ये चौथं कुणी नव्हतं. आता दिल्लीत वाढलेली माझी लेक पार्किंगमध्ये सहज म्हणते, "आई, गाडी खाली आहे, बस ना," आणि मी दार उघडण्याआधी वाकून चाकांमधल्या अंधारात बघते, तो आवाज येतोय का ते ऐकत.