गालावरची तीट

शिराळ्याहून पाचगणीला फोटोच्या दुकानात नोकरीला निघालो तेव्हा मी चांगला बावीस वर्षांचा घोडा होतो. तरी सर्व्हिस मोटारीत चढण्याआधी आईने चारचौघांत माझ्या गालाला काजळाची तीट लावली. "पुसू नगंस रं, परक्या गावात नजर लागती," म्हणाली. आक्का, तू थोरली बहीण असून पदर तोंडाला लावून हसत होतीस. पेठ यायच्या आत मी ती रुमालाने पुसून टाकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत घरदार गेलेली पोलंडची काही मुलं तेव्हा हवापालटासाठी पाचगणीत आणली होती. त्यांचे फोटो काढायचं काम आमच्या दुकानाकडे आलं. त्यातल्या नऊ वर्षांच्या झोशाची आई वाटेतच वारली होती आणि बाप दूर कुठेतरी फौजेत होता. त्याने लेकीला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. ती जिवंत आहे हे कळावं म्हणून त्याला फोटो धाडायचा होता. पोर गोरीपान, केस मक्याच्या कणसासारखे. ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि कोण जाणे कसा, माझ्या हातात आईचा हात आला. दुकानातल्या डबीतलं काजळ घेऊन मी तिच्या गालाला तीट लावली आणि फोटो काढला.

तीन महिन्यांनी बापाचं पत्र आलं. ही मुलगी माझी नव्हे, माझ्या झोशाच्या गालावर तीळ नाही, असं त्याने लिहिलं होतं. मुलांना सांभाळणाऱ्या बाईंनी मोडक्या हिंदीत मला ते सांगितलं. झोशा पायरीवर बसून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माया करायला गेलो आणि पोरीचा बाप तोडून बसलो.

मी बाईंना तीट म्हणजे काय ते समजावलं, त्यांनी झोशाला. दुसरा फोटो स्वच्छ गालाने काढला आणि बाईंनी सोबत सगळा खुलासा लिहिला. फोटोआधी झोशाने मात्र काजळाची डबी माझ्यापुढे धरली आणि कानामागची जागा दाखवली. तिथे कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं, म्हणून लावली.

उत्तर यायला सगळा पावसाळा गेला. मुलगी माझीच आहे, ओठ तिच्या आईचे आहेत, असं बापाने लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ माझ्यासाठी होती.

"मी येईपर्यंत तिला तीट लावत जा."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपल्याला नजर लागेल म्हणून ज्याचा जीव खालीवर होतो, त्याच्यापाशी आपलं घर, एवढंच मला कळलं. आता सुट्टी संपवून निघताना मीच आईपुढे गाल करतो. पेठ येतं, कराड येतं. मी पुसत नाही.