बेटावरचं बिल

अंदमानला निघायच्या आधी मी नवऱ्याच्या बनियनला आतून चोरखिसा शिवला. लहान बेटांवर फोनवरून पैसे जात नाहीत, रोखच न्या, असं जो तो बजावत होता. परिणामी कोल्हापुरात रुबाबात फिरणारा माझा नवरा तिथं साध्या नारळपाण्याचे पैसे द्यायलासुद्धा भर रस्त्यात शर्टाची बटणं सोडू लागला. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

शेवटच्या बेटावर पोचलो तेव्हा परतीची तिकिटं हातात होती, खोलीचं भाडंही चुकतं केलं होतं. उरलेली रोकड मी एकाच गोष्टीसाठी राखली होती, काचेच्या तळाची बोट. तिच्यात बसलं की पायाखाली प्रवाळ दिसतात म्हणे. मला पोहता येत नाही, त्यामुळे समुद्राच्या आत डोकावायची माझी तेवढीच सोय होती.

दुपारी खानावळीत शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "ह्या रश्श्यात तिखट घातलंय का न्हाय?"

झालं! आमच्या कोल्हापूरजवळच्या गारगोटीचं जोडपं निघालं. टेबलं जोडली, सुरमईचा फडशा पडला आणि बिल आलं. परमुलखात भेटलेल्या गाववाल्याला बिल देऊ देणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं.

"पावणं, खिशात हात घालायचा न्हाय!" हे गरजले.

"आवो, आमी काय फुकट जेवायला आलोय व्हय?"

ह्यांची बटणं सुटली. हे जिंकले आणि माझी बोट गेली. बेटावरच्या एकुलत्या एटीएमवर 'पैसे नाहीत' असा कागद चिकटवलेला होता. संध्याकाळभर माझा संताप धुमसत होता.

सकाळी धक्क्यावर नुसत्या बोटी बघायला गेलो, तर तिकीट खिडकीशी तेच दोघं.

"पावणं, थांबा, मी काढतो की!" ह्यांचा हात शर्टात गेलासुद्धा. आत जेमतेम रिक्षापुरते पैसे होते, पण हात ऐकतोय होय? मी तो वरूनच ह्यांच्या छातीवर गच्च दाबून धरला आणि गोड हसले. बघणाऱ्यांना प्रेम वाटलं असेल. तेवढ्यात गारगोटीकरांनी चार तिकिटं काढली आणि मैदान मारल्यासारखे मिशीला पीळ देत बोटीत चढले.

काचेखालून निळ्या माशांचा थवा गेला. मी हरखून वाकले. गारगोटीची बाईही शेजारी वाकली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "वैनी, काल जेवताना आमच्या ह्यांचा हात टेबलाखालनं मीच धरलेला. तुमी लई उशीर केलासा."