नेमकऱ्याचा पाट

सुरतेच्या लिंबायतमध्ये बन्सीलालला नावाने हाक मारणारं माणूस सोळा वर्षांत उरलं नव्हतं. जो तो त्याला 'नेमकरी' म्हणायचा. बायको प्रमिलाबाई तीसुद्धा दारात कोणी आलं की 'नेमकरी आंघोळीला गेलेत' म्हणून सांगायची, आता बोला.

नेमाचा पंथ म्हणजे खानदेशातून सुरतेला लूमवर पोट भरायला आलेल्या शंभरेक घरांचा. दारू नाही, मटण नाही, बाहेरचा चहा नाही आणि मुख्य म्हणजे दुसरा देव नाही. प्रत्येक वस्तीला गावाकडच्या गादीने नेमलेला एक नेमकरी असायचा. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, नुसती जबाबदारी. गुरुवारी पहाटे चारला उठून बैठकीची खोली झाडायची, पाचला पोथी वाचायची, सातला खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, जाऊन बारा तास बिघडलेले माग दुरुस्त करायचे. रविवारी सायकल मारत चलथाणला जायचं, कारण साखर कारखान्याच्या चाळीत पंथाची आठ घरं होती आणि त्यांचा नेम ढिला पडू नये ही काळजीही यालाच. कुणाचं लग्न असो, कुणाचं भांडण असो, नेमकरी हजर. स्वतःचा मुलगा कुंदन दहावीला बसलाय हे मात्र त्याला निकालाच्या दिवशी कळलं. असा हा माणूस. पण खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी होती. खात्यावर शेठ त्याला 'ए जॉबर' म्हणून ओरडायचा. बैठकीत तोच जॉबर आत आला की साठ माणसं उठून उभी राहायची.

बैठकीच्या खोलीत प्रत्येक घराचा एक लाकडी पाट होता. घरधन्याचं नाव पाटाच्या खालच्या बाजूला कोरलेलं असे, म्हणजे एरवी कुणाला दिसायचं नाही. एखाद्या घराने नेम मोडला की नेमकरी उठून त्यांचा पाट पालथा घालायचा. मग नाव वर यायचं आणि सगळ्यांनी ते वाचायचं. त्या दिवसापासून त्या घरी कुणी जायचं नाही, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, मयतीला खांदा द्यायचा नाही. गादी माफ करेपर्यंत हे असंच.

सोळा वर्षांत बन्सीलालने अकरा पाट पालथे घातले. त्यातला शेवटचा होता छगनचा.

छगन त्याच्याच गावचा. अठ्ठ्याहत्तर साली बन्सीलाल सुरतेला आला तेव्हा आठ महिने छगनच्या रूमवर राहिला आणि छगनची आई सखुबाई हिच्या हातची भाकर खाल्ली. पण चौऱ्याण्णवच्या श्रावणात छगन गावाला निघाला असताना उधना स्टेशनवर भलतंच घडलं. भावाला द्यायचं पत्र घेऊन बन्सीलाल तिथे गेला होता, बरोबर पंथातला लक्ष्मण आणि आणखी तिघं होते. पिशवी गाडीत चढवताना छगनच्या पिशवीची चेन तुटली आणि लाल फडक्यात बांधलेल्या गव्हाच्या पुरचुंड्या फलाटावर पडल्या.

खानदेशातल्या माणसाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे एक मूठ गहू वेगळा बांधतात, सगळ्या भाऊबंदांचे गहू एकत्र दळतात आणि तो रोट घरच्यांनीच खायचा असतो. पंथात कानबाई बंद. लाल फडकं दिसताच लक्ष्मणने बन्सीलालकडे पाहिलं.

"कुणाच्या आहेत या?" बन्सीलालने विचारलं.

छगनने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या."

पुढच्या गुरुवारी छगनचा पाट पालथा झाला. गादीची माफी काही आली नाही. तीन वर्षांनी, सत्त्याण्णवच्या आषाढात सखुबाई गेली. तिला खांदा द्यायला छगन, शेजारचे दोन ओरिया कारागीर आणि खात्याचा वॉचमन एवढेच होते. बन्सीलाल त्या वेळी मागाखाली वाकून काम करत होता. वरात नव्हे, मयत चाललीय हे त्याला कळत होतं, कुणाची तेही कळत होतं. तो वर उठला नाही. नेम म्हणजे नेम, असं त्याने मनाशी दहा वेळा म्हटलं.

आणि मग श्रावण सरता सरता योगराज आला. योगराज म्हणजे बन्सीलालचा चुलतभाऊ, विशीतला, सरळ स्वभावाचा, सुरतेत काम शोधायला आलेला. गुरुवारी पहाटे उधन्याला उतरून विचारत विचारत तो थेट बैठकीच्या खोलीतच येऊन पोचला. पोथी नुकतीच उघडली होती. योगराजने वाकून नमस्कार केला, पाणी प्यायला आणि गावाकडची खुशाली सांगावी तशा खड्या आवाजात म्हणाला, "दादा, औंदा वहिनीनी मूठ उनी नही. दरसाल तुनी आन कुंदननी येस. माय इचारी ऱ्हायंती."

वहिनीची मूठ यंदा आली नाही, दरवर्षी तुझी आणि कुंदनची येते, आई विचारत होती. त्या खोलीत अहिराणी न समजणारं कुणी नव्हतं.

बन्सीलालच्या हातातलं पोथीचं पान तसंच राहिलं. कानात खात्याचे सगळे माग एकदम सुरू झाल्यासारखं झालं. दरवर्षी? आपली मूठ? त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल, आपल्या पाटाकडे बोट दाखवेल. त्याने चक्क वाट पाहिली.

लक्ष्मण उठला. घसा साफ करून म्हणाला, "पोरगं गावाकडून आलंय, काहीतरी ऐकीव बोलतंय. भाऊबंदांनी परस्पर केलं असेल, त्यात नेमकऱ्यांचा काय दोष? वाचा पुढे."

सगळ्या माना हलल्या. बन्सीलालला खरा धक्का बसला तो इथे. छगनला कुणी 'ऐकीव' म्हटलं नव्हतं. छगनचा दोष कुणी भाऊबंदांवर ढकलला नव्हता. तोच नेम, तीच माणसं, आणि आपल्या वेळी ती मुकाट्याने पाट सांभाळून बसली होती.

घरी आल्यावर त्याने प्रमिलाबाईला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिने नाही म्हटलं नाही, रडलीही नाही.

"तुम्ही नेमकरी झालात त्या वर्षापासून पाठवते," ती म्हणाली. "पंथाची शंभर घरं तुम्ही सांभाळता. आपल्या घराचं कुणाकडे तरी मागायला नको?"

"आणि रोट?"

"परत यायचा. तुमच्या डब्यात पोळीखाली ठेवत होते. गोड लागतंय म्हणायचात."

सोळा वर्षं बन्सीलाल कानबाईचा रोट खाऊन पोथी वाचत होता. "नेत कोण होतं?" त्याने विचारलं.

"ते नाव मी घेणार नाही," प्रमिलाबाई म्हणाली. "घेतलं की तुम्ही बैठकीत जाऊन सांगाल. मी तुम्हाला ओळखत नाही का?"

आठवडाभर लक्ष्मण रोज खात्याच्या दारात यायचा. पुढच्या महिन्यात गादीवरचे महाराज येणार, तुमच्याशिवाय सगळं अडेल, बाईमाणसाची चूक आहे, झाकून टाकू. बन्सीलाल नुसतं ऐकून घ्यायचा.

गुरुवारी त्याने नेहमीसारखी खोली झाडली. माणसं जमली, उभी राहिली. त्याने पोथी उघडली नाही. खोलीची किल्ली लक्ष्मणच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "माझ्याच्याने आता होणार नाही. माझ्या घरात सोळा वर्षं कानबाई होती. छगनला एक नेम आणि मला दुसरा, असं मला जमणार नाही."

मग त्याने स्वतःचा पाट उचलून पालथा घातला. लाकडावर कोरलेलं 'बन्सीलाल' वर आलं. मागे छगनचा पाट तीन वर्षांची धूळ खात पालथा पडला होता, तो त्याने काखेत मारला आणि बाहेर पडला. दाराशी चपला शोधत होता तेव्हा बाजूला बसलेल्या माणसाने अंग आकसून घेतलं. मागच्याच महिन्यात या माणसाच्या मुलीचं लग्न त्याने जमवलं होतं.

छगनची रूम दोन गल्ल्या पलीकडे. चालता चालता बन्सीलालने मनाशी ठरवून टाकलं होतं. माफी मागायची, पाट द्यायचा आणि त्यांच्या घरचं पाणी मागून प्यायचं. तेवढं केलं की झालं, अशी त्याची समजूत.

छगन उंबऱ्यात दाढी करत होता. त्याने पाटाकडे पाहिलं, मग बन्सीलालच्या तोंडाकडे. "ये, बन्सी," म्हणाला. कितीतरी वर्षांनी बन्सीलालने हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं. कसंबसं त्याने सांगितलं की पद सोडलं, योगराज असं असं म्हणाला, बायको दरवर्षी मूठ पाठवत होती.

छगनने साबण पुसला. आत पाहून बायकोला म्हणाला, "सुंदरा, ते देऊन टाक आता यांचं."

सुंदराने फळीवरच्या डब्यामागून लाल फडकं काढलं आणि बन्सीलालच्या हातात ठेवलं. "वहिनींनी आषाढातच आणून दिलं होतं, भाऊ. पण सासूबाई गेल्या, सुतक आलं, म्हणून हे गावाला गेले नाहीत. सुतकातलं देवीला चालत नाही, आणि टाकवतही नाही."

फडक्यात गव्हाच्या पुरचुंड्या होत्या. दोन. उधन्याच्या फलाटावरही दोनच पडल्या होत्या. छगनच्या पोरी गायत्री आणि अश्विनी आतून दप्तर घेऊन शाळेला निघाल्या, पाहुण्याकडे बघत बघत बाहेर गेल्या. बन्सीलालने त्यांच्याकडे पाहिलं. तो आणलेल्या पाटावरच बसला.

"माझ्या घरात पुरुष मी एकटा," छगन म्हणाला. "त्या दिवशी तू मोजल्या नाहीस."

"मग सांगितलं का नाहीस?" बन्सीलालने विचारलं.

"तू विचारलंस तेव्हा चार माणसं उभी होती. वहिनींचं नाव घेतलं असतं तर तू त्यांनाही सोडलं नसतंस." छगनने वस्तरा धुऊन ठेवला. "माझं काय, निभावेल असं वाटलं. आईचं मात्र वाईट वाटतं, बन्सी. तुझी वाट बघत होती ती."

या घरचं पाणी पिऊन यांना मोकळं करायचं, असं ठरवून बन्सीलाल आला होता. आता ते पाणी मागायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. सुंदराने न मागता तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला, आणि तो किती तरी वेळ तसाच भरलेला राहिला.