कोथरूडहून आणलेला निरोप

या सदरातले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते आहे. एकदाही प्रतिक्रिया दिली नाही, कारण दिली असती तर प्रत्येक वेळी एकच दिली असती – दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतली का? एका मराठी दैनिकात मी बावीस वर्षं उपसंपादक होते. भूत, भानामती, अंगात येणं असल्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या आणि बहुतेक तिथेच संपायच्या. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता.

विश्वास नसण्याचं दुसरंही कारण होतं. मी ख्रिस्ती आहे. आमच्या पवित्र शास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात यादीच दिली आहे – शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मंत्र घालणारे, मेलेल्यांना प्रश्न विचारणारे. यांच्यापैकी एकही तुमच्यात असता कामा नये. म्हणजे पत्रकार म्हणून मला हे खोटं वाटायचं आणि ख्रिस्ती म्हणून निषिद्ध. खोट्या गोष्टीला इतक्या कडक शब्दांत मनाई कोण कशाला करेल, हा प्रश्न मात्र मला तेव्हा पडला नाही.

खाली सगळी नावं बदलली आहेत. माझे यजमान अनिल हे सदर वाचण्याची शक्यता नाही. ते मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर सोडून काही बघत नाहीत.

आम्ही खडकीत राहतो. माझं लग्न एक्केचाळिसाव्या वर्षी झालं. अनिल विधुर होते. त्यांची पहिली बायको नलिनी, किडनीच्या आजाराने कॅम्पातल्या एका हॉस्पिटलात वारली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये मात्र ती दर रविवारी हजर असायची. गायनमंडळात ती आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गायची, त्यामुळे कुठलंही गीत संपलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, “नलिनी असती तर...” पहिल्या नाताळात मी करंज्या वाटल्या. शेजारच्या साळवेकाकू खाऊन म्हणाल्या, “नलिनीच्या हातच्या तोंडात विरघळायच्या बाई. तुझ्याही बऱ्या आहेत. जरा दणकट आहेत एवढंच.”

हे सगळं मला सहन झालं असतं. सहन न होणारी गोष्ट वेगळीच होती. अनिल तिच्याबद्दल एक शब्द बोलत नसत. चांगलं नाही, वाईट नाही. बोलले असते तर मला तिला कुठेतरी मोजता आलं असतं.

मग गेल्या वर्षीच्या ईस्टरला, पहाटेची उपासना झाल्यावर, सगळे जातात तसे आम्हीही दफनभूमीत फुलं घेऊन गेलो. तोवर अनिल एकटेच जायचे, मी बाहेर थांबायचे. या वेळी मी आत गेले. काळा दगड. डाव्या बाजूला नलिनीचं नाव, जन्म, मृत्यू. उजवी बाजू गुळगुळीत, कोरी. आमच्यात नवरा-बायकोसाठी असा जोडदगड करण्याची पद्धत आहे. जो मागे राहतो, त्याची जागा आधीच ठेवतात. दगड माझ्या लग्नाच्या आधीचा होता, त्यामुळे त्यात माझा अपमान करण्याचा हेतू नव्हता हे मला कळत होतं. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती जागा अजून तशीच होती. मला कुठे ठेवणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती जागा अजून तुमचीच का, हे मी अनिलना सरळ विचारू शकले असते. मी विचारलं नाही. ते काय म्हणतील याची भीती होती, आणि त्यांना ‘हो’ म्हणताना पाहण्याची तर फारच.

दहा आज्ञांत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो. त्याला ते शोभतं, त्याच्यात आणि दुसऱ्या कुणात तुलनाच नाही. माझी तुलना दर रविवारी होत होती.

आमच्या पुरवणीत राजश्री नावाची सहकारी होती. तिने एकदा कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेवर लेख लिहिला होता. या बाई गेलेल्या माणसांशी बोलतात, असं लोक म्हणत. लेख छापायचा नाही असं मीच सुचवलं होतं. आता मीच राजश्रीकडून पत्ता घेतला. सांगताना म्हटलं, विषय पुन्हा करून बघू या.

चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी मुलांना शौल राजाची गोष्ट अनेकदा शिकवली आहे. मृतांशी बोलणाऱ्यांना ज्याने स्वतः देशाबाहेर काढलं, तोच राजा अडचणीत आल्यावर वेष पालटून एन-दोर गावच्या तसल्याच एका बाईकडे गेला. मुलांना वेष पालटण्याचा भाग फार आवडतो. मी त्या दिवशी कपाळाला टिकली लावली, मंगळसूत्रातला क्रूस पदराखाली घेतला, नाव वर्षा सांगितलं, बँकेत आहे असं सांगितलं. ही गोष्ट मला तेव्हा आठवली कशी नाही, याचं नवल वाटतं.

मंगळवार होता, दुपारचे चार. सोसायटीचा दुसरा मजला. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

“चप्पल रॅकवर. जिन्यात नको, सेक्रेटरी मला पत्र लिहितात.”

घरात धूप, लिंबू, फोटो काही नव्हतं. जेवायच्या टेबलावर निवडायला घेतलेली मेथी होती. ती त्यांनी बाजूला सारली आणि समोर बसायला सांगितलं.

“मी काही बघत नाही. ऐकू आलं तर सांगते, नाही आलं तर चहा देते. कोण हवंय?”

मी पहिला प्रश्न मुद्दाम चुकीचा तयार केला होता. खोटी माहिती द्यायची आणि समोरचा ती उचलतो का ते पाहायचं, ही आमची जुनी रीत.

“माझी थोरली बहीण. नलिनी.”

बाई डोळे मिटून बसल्या. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली आणि बाई बोलल्या.

“बहीण नाही, म्हणते.” डोळे मिटलेलेच. “तुमची कोणीच नाही म्हणते. तुमच्या मिस्टरांची आहे. खोटं कशाला सांगता हो? मला काही नाही, माणसं गोंधळतात पलीकडे.”

राजश्रीला माझं लग्न विधुराशी झाल्याचं माहीत होतं. तिने बाईंना सांगितलं असणार, असं मी त्याच क्षणी मनात नोंदवलं. आणि मग दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायला मी खरी आले होते. “तिच्या दगडाची उजवी बाजू कुणासाठी आहे?”

बाईंनी कान दिल्यासारखी मान तिरकी केली.

“त्यावर काही बोलत नाहीये. तिला त्यात रस दिसत नाही.”

मला संताप आला, हे लिहिलंच पाहिजे. ज्या दगडापायी मी सहा महिने झोप घालवली होती, त्यात तिला रस नव्हता!

मग बाई एकदम बोलू लागल्या. आवाज बदलला नाही, चेहराही नाही. यादी वाचावी तसं.

“ती गेली तेव्हा ते खाली चहाला गेले होते. सगळ्यांना सांगतात, हात धरून बसलो होतो. नव्हते. चहा अर्धा टाकून वर आले तोवर झालं होतं. ती म्हणते, त्यांना सांगा – मीच मुद्दाम पाठवलं. ते समोर बसून राहिले असते तर मला जाता आलं नसतं.” त्यांनी डोळे उघडले. “संपलं. चहा घेणार?”

मी चहा घेतला नाही.

घरी येताना बसमध्ये मी शक्यता मांडत होते. अनिलनी नलिनीचा हात धरला होता, ही गोष्ट मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यांना माहीत होती. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ती दफनाच्या उपदेशातही सांगितली होती. म्हणजे बाईंनी सांगितलेली गोष्ट कुठून ऐकीव असेल, तर तीही हीच असायला हवी होती. त्यांनी नेमकी उलटी सांगितली. ती खोटी असेल तर प्रश्न मिटला. खरी असेल तर ती जाणणारा जिवंत माणूस एकच होता.

इथे मी चूक केली. शहाण्या बाईने घरी येऊन गप्प राहायचं, मनात क्षमा मागायची आणि विषय सोडायचा. पण एका सूत्राच्या माहितीवर मी आयुष्यात कधी काही सोडलं नव्हतं. दुसऱ्या बाजूची खात्री करून घेतल्याशिवाय मला राहवेना. आणि खात्री करून घेताना प्रश्न विचारायचा नसतो, माहीत असल्यासारखं बोलायचं असतं.

रविवारी चर्चहून आल्यावर अनिल स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी कणीक मळत होते.

“नलिनीताई गेल्या तेव्हा तुम्ही चहाला गेला होतात, नाही का?”

त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

“कोणी सांगितलं?”

“गेला होतात का?”

“मार्था, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही. कोणी सांगितलं तुला?”

मी सगळं सांगितलं. टिकली, वर्षा, कोथरूड. अनिल मंडळीचे पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक आहेत. असल्या ठिकाणी गेल्याबद्दल त्यांनी एका कुटुंबाची कानउघाडणी केलेली मी स्वतः पाहिली होती. ते रागावतील, कदाचित प्रार्थना करायला बसवतील, अशी माझी तयारी होती. ते रागावले नाहीत. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते, माझ्यामागे कोणी उभं आहे का ते पाहत होते.

“आणखी काय म्हणाली?”

कणीक हाताला चिकटली होती. ‘मीच मुद्दाम पाठवलं’ हे तिचं वाक्य तोंडाशी होतं. ते मी सांगितलं असतं तर त्यांच्या छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं असतं, हे मला समोर दिसत होतं. आणि तिच्याशी बरोबरी करण्याची माझी शेवटची संधीही गेली असती, हेही दिसत होतं. असं वाक्य मी त्यांना आयुष्यात कधी देऊ शकणार नव्हते.

“काही नाही. एवढंच.”

“पत्ता दे त्या बाईंचा.”

“अहो, तुम्ही पंच आहात,” मी म्हणाले. “शास्त्रात मनाई आहे.”

त्यांनी पुन्हा लसूण सोलायला घेतला. जी आज्ञा मी मोडली, तीच मी त्यांच्यापुढे धरली, आणि तिने मला नको इतकी छान साथ दिली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी जमेल तेवढं तपासलं आहे. कोथरूडच्या बाईंचा त्या हॉस्पिटलशी, खडकीशी, आमच्या मंडळीशी कसलाही संबंध सापडला नाही. राजश्री शपथेवर सांगते, की तिने बाईंना माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी चहाचं तिला कुठून कळणार? अनिल कधी झोपेत बोलले असतील आणि मी नकळत ऐकलं असेल, हीही शक्यता धरून पाहिली, पण ते झोपेत बोलत नाहीत. बोललेच असते तरी माझ्या मनातलं बाईंच्या तोंडी कसं आलं, हा प्रश्न उरतोच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

ते वाक्य खरं होतं की बनावट, हेही मी सांगू शकत नाही. त्याची खात्री करून घ्यायला दुसरी बाजूच नाही. अनिलना न सांगण्याचं हेच कारण आहे, असं मी स्वतःला सांगते. माझ्या टेबलावर कुणी असं कारण घेऊन आलं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं.

अनिल आता नलिनीबद्दल बोलतात. भाजी निवडताना, सिग्नलला थांबल्यावर, मध्येच. तिला काय आवडायचं, ती कशी चिडायची. आणि दर काही दिवसांनी, सहज आठवल्यासारखं दाखवत, तेच विचारतात. काल दुपारीही विचारलं.

“एवढंच म्हणाली होती ना ती?”

“एवढंच,” मी म्हणाले, आणि दुधाखालचा गॅस बंद केला.